चौथ्या मार्गावरचा बोगदा

नकाशा फ्रान्सचा होता. तिथल्या कुठल्याशा खोऱ्यातल्या, नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या सायकलच्या वाटांचा. घड्या घालून खिशात मावेल असा, आणि इतका हाताळलेला की घडीवर येणारी गावं पुसून गेली होती. जपानमधल्या एका डोंगराळ गावच्या नगर कार्यालयात पर्यटन विभागातल्या गृहस्थांनी तो माझ्यासमोर दोन्ही हातांनी अलगद उलगडला. हिरवी वाट मुलाबाळांसाठी, निळी थोड्या दमाच्या माणसांसाठी, लाल चढांची हौस असणाऱ्यांसाठी. मध्ये मध्ये बारीक चित्रं होती. द्राक्षाचा घड म्हणजे वाइनचं तळघर, मनोरा म्हणजे चर्च, कप म्हणजे घटकाभर बसायची जागा. त्यांच्या गावाचं त्या फ्रेंच गावाशी मैत्रीचं नातं होतं आणि त्यापायी ते एकदा चार दिवस तिथे जाऊन भाड्याच्या सायकलवर फिरून आले होते. माणूस परत आला होता, पण त्याचं मन अजून तिकडेच कुठल्यातरी कपाच्या चित्रापाशी बसलेलं होतं.

"आमच्याकडेही नदी आहे," ते म्हणाले. "डोंगर आहेत. फक्त नकाशा नाही."

मी पुण्याची. गेली अकरा वर्षं टोकियोत आहे, राहायला एदोगावा भागात. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून त्यांची यादी करायची. काम स्वभावाला मानवणारं आहे. घरी नवऱ्याला आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्याचा उपद्रव होतो, पण त्यांनी तक्रार लेखी दिलेली नाही.

सायकल इथे आल्यावरच अंगात भिनली. आधी स्टेशनपर्यंत, मग भाजीला, मग नदीच्या बांधावरून सकाळी दहा-पंधरा किलोमीटर, आणि मग शनिवार-रविवार सायकलची चाकं काढून, पिशवीत भरून, ट्रेनने कुठेतरी लांब. पिशवीतून सायकलचा इवलासाही भाग बाहेर दिसता कामा नये असा इथल्या ट्रेनचा नियम आहे. मी पहिल्या वेळी प्लॅटफॉर्मवर चाळीस मिनिटं त्या पिशवीशी झटापट केली होती आणि कोणीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. टोकियोत न पाहणं हा शिष्टाचार आहे. पुण्यात चार जणांनी सल्ला दिला असता आणि पाचव्याने पिशवी माझ्या हातातून घेतली असती.

तर त्या गृहस्थांच्या खोऱ्यातल्या गावाला परदेशी सायकलस्वार हवा होता. त्यांनी सहा मार्ग आखले होते. त्यांवर सायकल चालवून पाहायची आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेला काय खटकतं ते लिहून द्यायचं. बदल्यात राहायची आणि जेवायची सोय. कोणाच्या तरी ओळखीतून माझ्यापर्यंत निरोप आला. मी शाकाहारी जेवणाची अट घातली, ती त्यांनी दोन आठवडे विचार करून मान्य केली.

"म्हणजे वीकेंडला पण टेस्टिंगच?" नवरा म्हणाला. "अगं, सुट्टी म्हणजे काय असतं माहितीये का तुला?"

"तू ये ना बरोबर."

"मी घरी झोपणार. तू जा, डोंगराचे बग काढ."

पहिल्याच भेटीत मी त्या गृहस्थांना माझ्या ऑफिसातला तक्ता दिला. चुकीला दर्जा द्यायची आमची पद्धत असते, तीच मी मार्गांसाठी जरा बदलून घेतली होती. 'सी' म्हणजे किरकोळ, जमेल तेव्हा बघा. 'बी' म्हणजे दुरुस्ती हवी, पण काम चालेल. 'ए' म्हणजे दुरुस्त झाल्याशिवाय वापरू नये. अर्थाच्या रकान्यात हे सगळं मी स्वतः जपानीत लिहिलं, आणि माझं जपानी बरं आहे. गृहस्थांना तक्ता फारच आवडला. फ्रेंच नकाशासारखाच तोही त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. आमच्या धंद्यात, निदान मी जिथे तो शिकले त्या पुण्यातल्या ऑफिसात, 'ए' लिहिणं ही बोलणी सुरू करायची पद्धत असते. 'सी' लिहिलं तर ती चूक पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी उघडून पाहत नाही. 'बी' लिहिलं तर मान डोलावतात. 'ए' लिहिलं की मात्र काम करणारा माणूस तावातावाने तुमच्या टेबलाशी येतो. हे 'ए' कसं काय, म्हणून भांडतो. आपण थोडं ताणायचं, त्याने थोडं ताणायचं, चहा प्यायचा आणि 'बी'वर मिटवायचं. दोन दिवसांत दुरुस्ती होते. यात कोणी कोणाला फसवत नाही, दोघांनाही खेळ ठाऊक असतो. टोकियोतही माझ्या टीममध्ये बहुतेक आपलीच मंडळी, त्यामुळे अकरा वर्षांत ही सवय मोडायचं कारणच पडलं नाही. ती सवय आहे हेसुद्धा माझ्या लक्षात राहिलेलं नव्हतं.

मे महिन्यात मी सुरुवात केली.

पहिला मार्ग नदीच्या बांधावरचा, सरळसोट, आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन जावं असा. त्यात मला तीन 'सी' सापडले आणि एक 'ए', तो म्हणजे स्वच्छतागृहाची पाटी उलट्या दिशेला होती. दुसरा सफरचंदाच्या बागांमधून. तिथे बागवाल्यांनी झाडांवर पाखरांना भिववायला चकचकीत फिती बांधल्या होत्या, ऊन असलं की डोळे दिपायचे. मी 'ए' लिहिलं आणि माझी अपेक्षा होती की कोणीतरी फोन करून म्हणेल, बाई, फिती काढता येणार नाहीत. फोन आला नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा रस्त्यालगतच्या झाडांवरच्या फिती गेल्या होत्या. मला आनंद झाला. आपलं वजन पडतंय असं वाटलं. त्या क्षणी मला शंका यायला हवी होती, पण आनंदात असलेल्या माणसाला शंका येत नाही.

खोरं तसं अरुंद. नदी मधोमध, दोन्ही बाजूंना भाताचे छोटे छोटे तुकडे, आणि लगेच डोंगर उभा. सगळीकडे देवदाराची लागवड, एका उंचीची, एका रंगाची. दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला खांबांवरच्या कर्ण्यांतून गाण्याची धून वाजायची आणि पूर्ण खोऱ्यात ती ऐकायला मीच एकटी असल्यासारखं वाटायचं. घरं होती, पण निम्म्यांची दारं बंद. बंद घरांपुढचीही झाडं कोणीतरी कापून नीट ठेवलेली असत. मी आठवणीसाठी फोटो फारसे काढले नाहीत. तक्त्यासाठी काढले, खड्ड्यांचे.

चौथा मार्ग हा त्या गृहस्थांचा लाडका. नदीच्या डाव्या काठाने वर जाणारा, पंचवीस किलोमीटरचा, लाल. मध्यावर डोंगराची एक सोंड नदीत उतरते आणि रस्ता तिच्यातून बोगद्याने जातो. बोगदा चारेकशे मीटर लांब, जुना, अरुंद. आत पिवळे दिवे होते, त्यांतले बरेचसे बंद. भिंतींतून पाणी झिरपायचं. कडेला पांढरी पट्टी कधीकाळी मारलेली होती, ती अंदाजाने ओळखायची. वरच्या अंगाला खडी काढायची खाण असल्यामुळे अधूनमधून ट्रक यायचे. आणि बोगद्यापलीकडे वीस-पंचवीस उंबऱ्यांची वस्ती होती. त्यातली नांदती घरं बहुधा नऊ.

तिथे आजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पूर्वीचं. वही, पेन्सिल, साबण, काडेपेटी असं सगळं मिळायचं म्हणे. वस्तीतली शाळा बंद झाली तशी पेन्सिल बंद झाली आणि एकेक करत बाकीचंही. आता त्या शनिवार-रविवार फक्त ओयाकी करायच्या. कणकेच्या गोळ्यात भाजी भरून तव्यावर आणि मग निखाऱ्याशी भाजायची, साधारण आपल्या कचोरीएवढी. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा नागोयाला, नवरा गेलेला. मी आत माशाचा अर्क आहे का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी प्रत्येक परातीकडे बोट दाखवून सांगितलं, यात आहे, यात आहे, यात नाही. ज्यात नव्हता ते वांगं होतं, मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, आणि तीळ घालून केलेलं. मी चार खाल्ल्या. पाचवी त्यांनी बांधून दिली.

नगर कार्यालयाने त्यांना सांगितलं होतं की चौथ्या मार्गावर तुमचं दुकान हे विश्रांतीचं ठिकाण असेल. नकाशावर कपाचं चित्र येईल आणि दाराशी निळी लाकडी पाटी लागेल. आजींनी तयारी सुरू केली होती. कपडे वाळत घालायचे दोन बांबू त्यांनी आडवे बांधून घेतले होते, सायकली सीटने अडकवून ठेवायला. बंद शाळेतल्या आठ खुर्च्या मागून आणल्या होत्या. शाळेच्या खुर्च्या बुटक्या. मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागायचे, हे मी बसून पाहिलं आणि तक्त्यात लिहिलं नाही.

"फ्रान्सची माणसं येतील का हो?" त्यांनी विचारलं.

"फ्रान्सची कशाला, कुठलीही येतील."

"तुम्ही कुठल्या?"

"भारतातली."

"मग आलीच की," त्या म्हणाल्या आणि परातीवर फडकं टाकलं.

मी त्या मार्गावर तीनदा गेले. सकाळी, भरदुपारी आणि पावसात. तपासायचं तर नीट तपासावं. तीनपैकी एकदा बोगद्यात ट्रक भेटला. ड्रायव्हरने वेग कमी केला, मी भिंतीशी थांबले, तो शेजारून गेला. हात लांब केला असता तर लागला असता. भीती वाटली, पण खोटं कशाला बोलू, पुण्यात कात्रजच्या रस्त्यावर मी याहून भयंकर रोज पाहिलेलं आहे. पुढे दिवा, मागे दिवा, अंगावर चकाकणारं जाकीट असेल तर माणूस तिथून जाऊ शकतो. प्रामाणिकपणे दर्जा द्यायचा तर 'बी'.

मी 'ए' दिला.

का दिला तेही मला स्वच्छ आठवतं. बोगद्यात दिवे लागावेत आणि पट्टी नव्याने मारली जावी म्हणून. आजींच्या त्या खुर्च्यांवर माणसं बसावीत म्हणून. 'बी' लिहिलं तर मान डोलावतील आणि दिवे तसेच राहतील, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं, 'सायकलस्वाराच्या जिवाला धोका. दिवे आणि पट्टी झाल्याशिवाय वापरू नये.' आणि भांडायला कोण येतंय याची वाट पाहत बसले. माझ्याकडे मुद्दे तयार होते. कितपत ताणायचं आणि कुठे सोडायचं तेही ठरलं होतं.

दोन दिवसांनी मेल आली. मौल्यवान मताबद्दल मनापासून आभार, विचार करतो. बस्स. 'विचार करतो' याचा इथला अर्थ 'काही होणार नाही' असा असतो हे मला अकरा वर्षांत कळलेलं होतं, म्हणून मी मनात म्हटलं, चला, मुरब्बी दिसतात. आता पंधरा दिवसांनी मी आठवण करीन, मग ते म्हणतील अंदाजपत्रक नाही, मग आपण पट्टीवर मिटवू. नंतर ऑफिसात एका मोठ्या कामाची घाई सुरू झाली आणि माझ्या आठवण करण्याचं राहून गेलं.

सप्टेंबरअखेर कुरियरने नकाशा घरी आला. छान झाला होता. घड्या थेट फ्रेंच नकाशासारख्या, कागदही तसाच. बारीक चित्रं होती, द्राक्षाच्या जागी सफरचंद, मनोऱ्याच्या जागी देवळाची कमान. कप होते. मागच्या बाजूला आभारांच्या यादीत माझं नाव होतं, जपानी लिपीत बसवायला आडनावाचे पाच तुकडे करून. मी जेवणाच्या टेबलावर तो उलगडला आणि मुलीला दाखवायला लागले.

"पाचच आहेत," ती जपानीत म्हणाली. "तू सहा म्हणाली होतीस ना?"

मी मोजले. पाच होते. डाव्या काठाने वर जाणारी लाल वाट नव्हती. पाचवा मार्ग चौथा झाला होता आणि सहावा पाचवा. बोगद्याच्या वरच्या अंगाला नकाशावर नुसता फिका हिरवा रंग होता, देवदाराचा. वस्तीचं नावसुद्धा नव्हतं, कारण ती आता मार्गावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गृहस्थांना फोन लावला. आधी नकाशा किती सुंदर झालाय ते बोलले. इथे ते आधी बोलावंच लागतं. मग विचारलं.

"आपण 'ए' दिला होता," ते म्हणाले.

"हो, पण मला वाटलं आपण त्यावर बोलू."

"बोलू म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही म्हणाल की इतकं काही नाही, मी म्हणेन की आहे, आणि मग काहीतरी मधलं ठरेल."

 फोनवर त्यांनी दातांमधून श्वास आत ओढला. इथली माणसं नाही म्हणण्याआधी असा श्वास घेतात.

"तक्त्यात 'ए'चा अर्थ 'वापरू नये' असा आहे," ते म्हणाले. "तो तक्ता आपणच दिला होता."

"दिवे लावले तर?"

"रस्ता आमचा नाही, वरच्या सरकारचा आहे. दिव्यांची मागणी वस्तीतली माणसं पुष्कळ वर्षं करताहेत. आम्ही ती दर वर्षी पाठवतो."

"समजा, मी आता दर्जा 'बी' केला तर?"

"बोगद्यात काही बदल झाला आहे का?"

"नाही."

"मग 'बी' कसं होईल?"

 मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, मी होतं त्यापेक्षा जरा जास्त लिहिलं होतं. आमच्याकडे तशी पद्धत असते.

पुन्हा तो श्वास. "हे मी ऐकलं नाही असं समजतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "आपल्या अहवालावर मंजुरीचे अकरा शिक्के झाले आहेत. मला स्वतःला तो मार्ग फार आवडत होता. पण एका तज्ज्ञ व्यक्तीने जिवाला धोका आहे असं लेखी दिल्यावर मी कोणाला तिकडे पाठवू शकत नाही. आपणही पाठवलं नसतंत."

मी फोन ठेवला. तज्ज्ञ व्यक्ती. मला आतून शरम वाटली, आणि शरमेबरोबर थोडा रागही आला, की एवढं लगेच कसं काय ऐकलं यांनी. आयुष्यभर कोणी ऐकत नाही म्हणून आवाज चढवायची सवय लागलेली, आणि नेमकं इथे ऐकलं गेलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण रिपोर्ट तर करेक्टच होता ना टेक्निकली?" तो माझी समजूत घालत होता. मी त्याच्यावरच उखडले.

आजींना कोणीतरी कळवलंच असणार. तरी आपण जाऊन सांगावं असं मला वाटत राहिलं आणि जायचं मी टाळत राहिले. या ना त्या कामात ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी सुट्टी टाकून गेले. शनिवारी त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक असलं तर सगळ्यांसमोर बोलावं लागेल, म्हणून शुक्रवार. गिऱ्हाईक असलं तर, असं मी तेव्हाही म्हणत होते.

बोगद्याच्या तोंडाशी नवी पाटी होती. पांढरी, स्वच्छ. हेल्मेट घातलेला एक माणूस कमरेत वाकून नमस्कार करतोय असं चित्र, आणि खाली मजकूर: 'धोका असल्याने सायकलस्वारांनी या बोगद्यातून जाणे कृपया टाळावे.' टाळावे, असं. बंदी नाही, विनंती. वाक्य माझं नव्हतं, पण शब्द माझ्याच शेऱ्यातले होते. मी सायकलवरून उतरले. त्या पाटीसमोरून आत जायचा मला धीर झाला नाही. भीती ट्रकची नव्हती. कोणी पाहिलं तर काय, ही होती.

बोगदा होण्यापूर्वीचा जुना रस्ता डोंगराच्या सोंडेला बाहेरून वळसा घालून जातो, हे मला नकाशावरून माहीत होतं. अडीचेक किलोमीटर जास्त. त्याच्या तोंडाशी गवत तुडवलेलं दिसलं, म्हणून मी सायकल हातात धरून तिकडे वळले.

डांबर कधीच फुटून गेलं होतं. त्यावर शेवाळ, शेवाळावर ओली पानं. एका बाजूला डोंगरातून सुटलेले दगड, दुसऱ्या बाजूला सरळ खाली नदी. कठडा होता तिथे गंजलेला, आणि दोन ठिकाणी तो दरीत वाकून लोंबत होता. मी सवयीने मनातल्या मनात दर्जा देत चालले होते आणि दर पन्नास पावलांवर एकच दर्जा निघत होता. हा रस्ता तपासायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वळणावर आधी घंटा ऐकू आली. अस्वलांनी दूर राहावं म्हणून माणसं इथे कमरेला घंटा बांधतात. मग आजी दिसल्या. त्या सायकल ढकलत होत्या. पुढच्या टोपलीत दवाखान्याची कागदी पिशवी, कोबी आणि पिठाचं पाकीट. मागे वळून मला पाहताच त्या थांबल्या आणि इतक्या खाली वाकल्या की सायकल कलंडायला आली. मी धावत जाऊन ती धरली.

"तुम्ही आज इथे कशा?" मी विचारलं.

"दवाखान्याचा वार. मंगळवार आणि शुक्रवार."

"बस नाही का?"

"सकाळची आहे. पण येताना नाही."

"आणि तुम्ही नेहमी या रस्त्याने..."

"छे," त्या हसल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून बोगद्यातूनच जात होते. आता सूचना आली ना." वस्तीत सूचनांची फळी घरोघर फिरते. वाचायचं, सहीऐवजी आपला शिक्का मारायचा, शेजाऱ्याला द्यायची. "सायकलने बोगद्यातून जाऊ नका, धोका आहे, असं होतं. भारतातल्या बाईंनी तपासून सांगितलं, असं कार्यालयातले म्हणाले. मी इतकी वर्षं जात होते, मला कळलंच नव्हतं बघा. तुमचे उपकार."

उपरोध नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो शोधला, अगदी बारकाईने, कारण तो सापडला असता तर मला हवाच होता. मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. हातमोज्यातून मनगटावरची पट्टी दिसत होती. पानांवरून पाय सरकला म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, आता दुखत नाही.

तिथे, त्या ओल्या रस्त्यावर, मी त्यांना सगळं सांगितलं. बोगदा इतका वाईट नव्हता. दिवे लागावेत म्हणून मी एक पायरी वाढवून लिहिलं. तुमच्या दुकानात माणसं यावीत म्हणून. मला वाटलं होतं कोणीतरी वाद घालेल. माझं जपानी बरं आहे असं मी वर म्हटलं, पण ते सांगताना ते कुठल्या कुठे गेलं. तीच तीच वाक्यं येत राहिली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घंटा वाजू नये म्हणून मुठीत धरली होती. मग त्या बोगद्याच्या दिशेने, म्हणजे नुसत्या डोंगराकडे, पाहत म्हणाल्या, "मग जाऊ का मी तिकडून?"

एवढाच प्रश्न होता. त्यांना खरंच विचारायचं होतं. तपासणारी बाई समोर उभी होती आणि तिने तीनदा तपासलेलं होतं.

'बी' म्हणजे दुरुस्ती हवी, पण काम चालेल. मला 'चालेल' म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आला. तेव्हा मला तो ट्रक दिसला, आणि भिंतीशी मी नव्हते, त्या होत्या, एका हाताला पट्टी, पुढे कोबी, मागे दिवा नाही. मी 'जा' म्हटलं तर त्या गेल्या असत्या. आणि 'नको' म्हणायचं तर हा रस्ता माझ्या पायाखाली होता.

मी त्यांच्या टोपलीतला कोबी नीट बसवला.  उत्तर येत नाही असं पाहून आजींनीच माझी लाज राखल्यासारखी मान हलवली, मुठीतली घंटा सोडली आणि सायकल पुढे ढकलली. मी मागून चालत राहिले. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या अजूनही या जुन्या रस्त्यानेच जातात.